निळ्या रबराचा तुकडा

उद्या पहाटे बोट काढणार आहात ना? काढा. मी अडवणारा कोण? फक्त संध्याकाळी धक्क्यावरून येताना तुमची बोट बघितली. लाल दोरी इंजिनाच्या दांड्याला छान गुंडाळून ठेवलीय. ती दोरी मनगटाला बांधायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, तिच्या टोकाची क्लिप बटणातून निघते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. दांड्याला बांधली तर दांडा काही पाण्यात पडत नाही. भावाकडे बघू नकोस गं, ती गुंडाळी तुझ्याच हातची आहे.

बसा इथे. तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि एक सांगून ठेवतो, गोष्ट संपेपर्यंत मला काही विचारायचं नाही. मी एकदाच सांगणार आहे.

माझा साडू तुम्हाला आठवत असेल. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. तळ्याच्या काठावर त्याचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आणि मागे घर. हात चांगला, जीभ कडू. गिऱ्हाइकानं आधी चार शब्द ऐकून घ्यायचे आणि मग इंजिन खाली ठेवायचं, असा तिथला रिवाज. त्यात त्याची एक सवय होती. कामात रबराचा तुकडा लागला की तो डबे धुंडाळत बसायचा नाही. पायातली निळी चप्पल काढायचा, पात्यानं टाचेचा तुकडा कापायचा आणि बसवून द्यायचा. वर म्हणायचा, "तात्पुरतं आहे. नंतर ये, नीट करून देतो." ते नंतर कधी यायचं नाही. तुमची काकू म्हणायची, हा माणूस एक दिवस नुसते पट्टे पायात अडकवून घरी येणार. आम्ही हसायचो. तोही हसायचा, क्वचित.

तर गेल्या वर्षी नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. आमचा पाण्याचा पंप आवाज करत होता, म्हणून तो पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेलो. दिवेलागण झाली होती. म्हटलं, पंप टाकू, दोन घटका बसू, जेवून परत येऊ. बघतो तर दुकानात मिस्त्री एका इंजिनाचं झाकण काढून बसलेला, समोर त्याचा मुलगा हाताची घडी घालून उभा, आणि माझी मेहुणी मधल्या दारात. मला पाहून मेहुणीनं चहा विचारला, पण तिची नजर इंजिनावरून हलली नाही.

मुलगा बोट चालवतो. पलीकडच्या काठावर कारखाना आहे, तिथल्या रात्रपाळीच्या लोकांना पोचवायचं आणि एकट्यानं रिकामी बोट घेऊन परत यायचं, हे त्याचं रोजचं काम. त्याचं जुनं इंजिन कामातून गेलं, म्हणून बापानं दुकानात पडून असलेलं हे दुसरं त्याच्या बोटीला लावून दिलं. तेव्हापासून कटकट सुरू झाली. येताना तळ्याच्या मध्यावर एक वाळका बुंधा पाण्याबाहेर आलाय ना, तिथे आलं की इंजिन बंद. माणसं बसलेली असताना कधीच नाही. दिवसा नाही. फक्त रात्री, तो एकटा असताना.

आता पेट्रोलची तक्रार असली तर इंजिन आधी खोकतं, धापा टाकतं, मग बंद पडतं. हे तसं नव्हतं. बोलत्या माणसाच्या तोंडावर कुणी हात ठेवावा तसं एकदम गप्प. म्हणजे ठिणगीच पडत नाही. मिस्त्रीनं प्लग बदलला, प्लगची टोपी बदलली, कॉइल बदलली, एकेक वायर हातानं चाचपून बघितली. पाण्यानं भरलेल्या पिंपाला इंजिन लावून तासभर चालवलं. एकदाही अडखळलं नाही. दिवसा बोटीतून त्या बुंध्याला फेऱ्या मारून आला, तेव्हाही काही नाही.

मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा यांना. बंद पडायच्या आधी दोरीला हिसका बसतो. माझ्या मनगटाला कळतो. क्लिप जागेवरच असते, पण हिसका बसतो."

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भित्रा आहेस, म्हणाला, अंधारात एकटं यायला घाबरतोस आणि नाव इंजिनाचं घेतोस. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात मेहुणी दारातून म्हणाली, "मेलेल्या माणसाचं इंजिन पोराच्या बोटीला लावू नका, असं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." त्यावर तो म्हणाला, यंत्राला काय कळतंय कोण मेलं ते.

हे मेलेल्या माणसाचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. ते इंजिन एका जाळीवाल्याचं होतं. एकटाच जायचा, रात्री जाळी टाकायचा. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आदल्या वर्षी एका सकाळी लोकांना तळ्यातून इंजिनाचा आवाज ऐकू आला. बोट त्या बुंध्यापाशी गोल गोल फिरत होती, आत कुणी नाही. रात्रभर फिरत होती म्हणतात. पेट्रोल संपलं तेव्हा थांबली. तो खालीच होता, पाण्यात. इंजिनाचा पंखा त्याच्यावरून किती वेळा गेला, ते मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इंजिन बंद का झालं नाही, हा सगळ्यांना प्रश्न. पहिल्यांदा त्या बोटीत चढला तो मिस्त्री. त्यानं बटण, वायर सगळं पाहिलं आणि काठावर येऊन सांगितलं की दोष इंजिनात नाही, यानं दोरी बांधलीच नव्हती. झालं. गावानं तेच धरलं. निष्काळजी होता, स्वतःच्या हातानं मेला, असं लोक त्याच्या बायकोच्या तोंडावर बोलायचे. ती बाई एक दिवस ते इंजिन घेऊन दुकानात आली, पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "ते दोरी बांधल्याशिवाय धक्का सोडत नसत. हे बंद का झालं नाही, ते तुम्हाला कळेल तेव्हा मला सांगा." आणि गेली. इंजिन तिथेच राहिलं.

मला खरं विचाराल तर त्या बाईचा आवाज मला आवडला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असो. त्या शनिवारी मिस्त्री हट्टाला पेटला. म्हणाला, आज मी येतो बरोबर, बघू कोण हिसके देतंय. इंजिन बोटीला परत लावून, कारखान्याची माणसं सोडून, येताना बुंध्यापाशी पुन्हा एकदा अडकून मुलगा धक्क्याला आला, तेव्हा साडेनऊ होऊन गेले असतील. चंद्र उगवायचा होता. वारा अजिबात नाही. मिस्त्रीनं चपला धक्क्यावर काढल्या, कारण बोटीत तो नेहमी अनवाणीच काम करायचा. पान्यांची पिशवी घेतली, विजेरी मुलाच्या हातात दिली. मी आणि मेहुणी धक्क्यावर थांबलो. ती नको नको म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय.

पुढचं थोडं मी कानांनी ऐकलेलं आहे. बाकीचं मिस्त्रीनं मला नंतर सांगितलं. एकदाच. त्यानंतर तो त्याबद्दल बोललेला नाही.

बुंध्याजवळ आले आणि इंजिन बंद पडलं. आम्हाला काठावर कळलं. एकदम शांत. विजेरीचा उजेड तेवढा दिसत होता.

मिस्त्रीनं झाकण काढलं. प्लग काढला, टोपीत अडकवून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि मुलाला स्टार्टर ओढायला सांगितलं. ठिणगी नाही. पुन्हा ओढायला लावलं. नाही. मग तो नेहमी करतो तेच त्यानं केलं. स्टॉपच्या बटणाकडून, म्हणजे क्लिप बसते त्याच बटणाकडून, येणारी काळी वायर सोडवली. ती वायर सुटली की बटणाचा इंजिनाशी संबंध संपतो. दोष बटणात असला तर ठिणगी परत येते. मुलानं स्टार्टर ओढला. टपकन निळी ठिणगी पडली.

मिस्त्री हसला. बघ, म्हणाला, बटण खराब आहे, भूत नाही. आणि वायर तशीच मोकळी ठेवून प्लग बसवायला लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, वायर जोडा. आता हे बंद कसं करायचं?"

तो म्हणाला, "तात्पुरतं आहे. घरी जाऊन नीट करतो."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याला वाटलं, आपण हे पूर्वी बोललोय. इथेच नाही, पण याच इंजिनावर वाकून... असेच.

त्यानं स्टार्टर ओढला. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं. पण कसं? एकदम पूर्ण जोरात. त्यानं वेग वाढवलाच नव्हता. बोट वळवायचा दांडा त्याच्या हातातून निसटला आणि एका बाजूला वळला. त्यानं दोन्ही हातांनी धरून सरळ करायला बघितलं. हलेना. पलीकडून कुणी धरून ठेवावा तसा... बोट कलली. मुलगा विजेरी धरून उभा होता, इंजिन बंद पडल्यावर दोरी त्यानं मनगटातून सोडली होती.

विजेरी पाण्यात गेली. मुलगा पण गेला.

आम्ही धक्क्यावर. उजेड विझलेला. आणि आवाज यायला लागला. इंजिनाचा. जवळ यायचा, लांब जायचा. जवळ... लांब. मेहुणीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती. हा आवाज तिनं आदल्या वर्षी सकाळी ऐकला होता. आम्ही दोघांनी ऐकला होता.

बोट गोल फिरत होती. मध्ये कुठेतरी मुलगा. मिस्त्रीनं बटण दाबलं. काही नाही. वायर त्यानंच सोडवली होती ना. पेट्रोलची नळी उपटली. पेट्रोल त्याच्या पायांवर सांडलं. इंजिन चालूच. नळी उपटल्यावरही थोडा वेळ चालतं, आत उरलेलं असतं. तेवढा वेळ नव्हता. अंधारात मुलगा ओरडला, "बाबा." समोरून. अगदी समोरून.

मिस्त्रीनं उघड्या हातानं प्लगची टोपी धरली आणि ओढून काढली. जबरदस्त झटका बसला. पण टोपी निघाली. त्याच्या हातात होती.

इंजिन चालूच.

ठिणगी नाही. पेट्रोल नाही... चालूच. एकाच प्लगचं इंजिन ते. दुसरं काही नाहीच त्यात. आयुष्यभर त्यानं इंजिनं उघडली. त्याला माहीत होतं, हे चालू शकत नाही. आणि ते चालत होतं. त्याच आवाजात. त्याच वेगात.

बोटीचं पुढचं टोक खाली दबलं होतं. कुणीतरी बसल्यासारखं. त्यानं तिकडे बघितलं नाही. मी विचारलं, का नाही बघितलंस? तर म्हणाला, "मला माहीत होतं कोण आहे."

तिथे कुणी काही बोललं नाही. नुसतं... बसलेलं.

मुलगा पुन्हा ओरडला. आता आवाजात पाणी होतं.

मिस्त्रीनं लाल दोरी घेतली. क्लिप बटणात होती, वायर सुटलेली, म्हणजे दोरीचा काही उपयोगच नाही. तरी घेतली. मनगटाला बांधली. गाठ मारायला हात वळेनात. दातांनी ओढली. आणि पुढच्या टोकाकडे पाठ करून म्हणाला... काय म्हणाला ते त्यानं मला सांगितलं नाही.

मग उडी मारली.

दोरी ताणली. क्लिप निघाली.

इंजिन बंद.

काळी वायर मोकळी असताना. टोपी निघालेली असताना. बंद पडायला कारणच नव्हतं. चालायलाही नव्हतं म्हणा.

मी दुसरी बोट वल्हवत गेलो. कसा गेलो ते मला विचारू नका. मिस्त्रीनं मुलाला धरून ठेवलं होतं. पंखा मुलाच्या खांद्याजवळून गेला होता, सदरा फाटला होता, पण अंगाला ओरखडा नाही. दोघांना वर घेतलं. मुलगा कुडकुडत होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मला वाटलं आकडी आलीय. मी उघडायला गेलो तर त्यानं हात मागे घेतला.

घरी आलो. मेहुणीनं चादरी आणल्या, चूल पेटवली. धक्क्यावर राहिलेल्या मिस्त्रीच्या चपला मी हातात घेऊन आलो होतो, त्या दाराशी ठेवल्या. सगळे चुलीभोवती बसलो. मला वाटलं, वाचलो. जाळीवाल्याचा राग निवला असेल. मी इतका भोळा आहे, बघा.

मग मुलानं मूठ उघडली.

आत रबराचा तुकडा होता. निळा. तिरका कापलेला, बोटाच्या पेराएवढा. वर नक्षीतली अर्धी चांदणी.

"पाण्यात कुणीतरी हातात दिला," मुलगा म्हणाला. "दिला आणि बोटं मिटवली माझी."

मी मिस्त्रीकडे बघितलं. माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चुलीच्या उजेडातसुद्धा तो पांढरा दिसत होता.

तो जाळीवाला त्याच्याकडे आला होता, मरायच्या आदल्या दिवशी. दोरी आखूड पडते, जाळी ओढायला वाकलो की क्लिप निघते, लांब दोरी लावून द्या, म्हणून. मिस्त्रीला कंटाळा आला. त्यानं चप्पल काढली, तुकडा कापला आणि क्लिपच्या मागे बटणाखाली पाचरीसारखा ठोकून दिला. आता क्लिप निघाली तरी बटण दबणार नाही. आजचा दिवस चालव, म्हणाला, तात्पुरतं आहे, उद्या लांब दोरी देतो. त्या रात्री जाळीवाल्यानं दोरी बांधली होती. त्याच्या बायकोचं खरं होतं. दोरी ओढली गेली, क्लिपही निघाली, दोन्ही त्याच्याबरोबर पाण्यात जाऊन पंख्यात तुटली. पाचर होती म्हणून इंजिन चालत राहिलं. सकाळी मिस्त्री पहिल्यांदा बोटीत चढला, तो ती पाचर नखानं काढून खिशात घालायला. घरी येऊन त्यानं ती याच चुलीत टाकली. जळून काळा थेंब होईपर्यंत समोर उभा राहिला. बायकोलासुद्धा कळू दिलं नाही.

हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. मुलालाही नव्हतं. पण मुलगा मिस्त्रीचाच. दुकानातच वाढलेला. तो उठला, दाराशी गेला, डावी चप्पल उचलली. टाचेला तिरकी खाच होती. खाचेच्या कडेला नक्षीतली अर्धी चांदणी. त्यानं तुकडा खाचेत बसवला.

चांदणी पूर्ण झाली.

मेहुणीनं तोंडावर पदर धरला. मुलगा बापासमोर चप्पल धरून उभा राहिला. "त्यांनी दोरी बांधली नव्हती, असं तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. शांतपणे. त्या बाईचा होता ना, अगदी तसाच आवाज.

मिस्त्री चुलीकडे बघत राहिला.

त्याच ओल्या कपड्यांनी मुलगा बाहेर पडला. जाळीवाल्याच्या घरी गेला, त्याच्या बायकोला उठवलं आणि सगळं सांगितलं. तो पुन्हा बापाच्या घरात आला नाही. बोट अजून चालवतो, पलीकडच्या काठावर राहतो. बाप धक्क्यावर उभा असला तर बोट लांब लावतो. मिस्त्रीचं दुकान बंद आहे. मला आधी वाटायचं, त्या मेलेल्याला पोराचा जीव हवा होता. नाही. पोरगा त्यानं जिवंतच नेला. मिस्त्रीला कसं दुखवायचं ते त्या जाळीवाल्याला नेमकं ठाऊक होतं, आणि मला त्याची दया येत नाही, भीती वाटते.

ती डावी चप्पल माझ्याकडे आहे. मेहुणीनं दिली, तळ्यात टाका म्हणाली. तळ्यापाशी जाऊन दोनदा परत आलो. माझ्या हातून होत नाही. या माळ्यावर आहे, पत्र्याच्या पेटीत. वर बघू नका.

सकाळी उजेड पडला की काढून देतो. बोटीला जायच्या आधी बघून घ्या. मी ती भिंगाखाली धरून पाहिली, वाकवून पाहिली, टाचेला पातं लावून पाहिलं. अखंड आहे. तो तुकडा कुठून कापला होता, तो जोड तुम्हाला सापडला तर मला दाखवा. मला सापडलेला नाही.